बर्फावर मीठ का टाकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ राहते. आमच्या घरापासून दीडेक तासावर माउंट हूड आहे आणि त्याच्या अंगावर टिंबरलाइन नावाचं स्की केंद्र. जुलैतही स्कीइंग चालणाऱ्या अमेरिकेतल्या मोजक्या जागांपैकी ही एक. माझी मुलगी तीन उन्हाळे तिथल्या रेसिंग कॅम्पला गेली. मीठ टाकून बर्फ घट्ट करण्याबद्दल मला इथल्या मराठी पालकांनी, भारतातल्या नातेवाइकांनी आणि सगळ्यांत जास्त माझ्या आईने जे विचारलं, ते इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

मिठाने बर्फ वितळतो, हे शाळेत शिकलो. मग त्याने बर्फ कडक कसा होईल?

हाच प्रश्न आईने उतारावर उभं राहून विचारला होता. कॅम्पची दोन पोरं बादली घेऊन मीठ फेकत चालली होती. आई म्हणाली, "अगं, आहे तेवढाही घालवतील हे लोक!"

वितळतोच. सगळी युक्ती त्या वितळण्यातच आहे. उन्हाळ्यातला बर्फ कोरडा नसतो. शून्य अंशावरचे गोलसर दाणे आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर, अशी त्याची रचना असते. गोळेवाला किसलेला बर्फ काडीभोवती दाबायच्या आधी जसा सैल आणि ओला असतो, तसा. दाणे एकमेकांवरून घसरतात आणि स्की आत रुतते.

मिठाचा खडा त्यात पडला की आधी त्या पाण्यात विरघळतो, मग शेजारचा बर्फ वितळवायला लागतो. बर्फाला पाणी व्हायला उष्णता लागते, ग्रॅमला 80 कॅलरी. ती कुठून येणार? आजूबाजूच्या बर्फातून आणि पाण्यातून. म्हणजे खड्याभोवतीचा भाग शून्याच्या खाली जातो. जिथे मीठ अजून पोचलेलं नाही, ते साधं पाणी या गारव्याने गोठतं आणि दाण्यादाण्यांमध्ये बर्फाचे सांधे तयार होतात. खारं पाणी जड असतं, ते हळूहळू खाली झिरपतं. वर राहतो तो सांधलेला, कडक थर.

आईला हे पटवायला मला पॉटच्या आईस्क्रीमची आठवण काढावी लागली. सांगलीला मे महिन्यात गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी यायची. ती फोडून लाकडी बादलीत बर्फाचा एक थर, खडे मिठाचा एक थर, मधे आंब्याच्या आटवलेल्या दुधाचा डबा, आणि आम्ही भावंडं पाळीपाळीने हँडल फिरवायचो. बादलीतला बर्फ वितळत असायचा आणि डब्यातलं दूध मात्र गोठत असायचं. उतारावर हेच होतं, फक्त डबा नसतो. वितळणारा बर्फ आणि गोठणारं पाणी एकमेकांना चिकटून असतात.

मग मिठामुळे नवी थंडी तयार होते का?

नाही, आणि हे नीट समजून घेतलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. एक ग्रॅम बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढीच एक ग्रॅम पाणी गोठताना बाहेर टाकतं. हिशेब बरोबरीचा आहे. मीठ फक्त कुठे वितळायचं आणि कुठे गोठायचं, याची जागा बदलतं. थोडा बर्फ खर्ची घालून वरचा थर घट्ट करून घ्यायचा, असा हा सौदा आहे. म्हणून मीठ टाकून बर्फ वाढत नाही, टिकतही नाही. कॅम्पच्या जाहिरातीत "बर्फ वाचवण्यासाठी मीठ" असं कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही.

हवा मदत करते ती वेगळी. कोरड्या हवेत वरचं पाणी उडून जातं, आणि पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता बर्फ वितळायला लागणाऱ्या उष्णतेच्या सात पटींहून जास्त असते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. आकाश निरभ्र असलं तर बर्फ आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकतो, त्याचाही फायदा होतो.

रस्त्यावर मीठ टाकतात तेव्हा बर्फ कडक का होत नाही?

प्रमाणाचा फरक. रस्त्यावर बर्फाचा थर पातळ, मीठ त्या मानाने भरपूर, खालून जमिनीची आणि वरून टायरांची उष्णता, आणि खारं पाणी गटाराकडे वाहून जायला मोकळं. उतारावर काही मीटर जाडीच्या बर्फावर चिमूटभर मीठ पडतं. शास्त्र तेच आहे.

कोणत्या बर्फावर चालतं आणि कोणत्यावर नाही?

बर्फ ओला हवा, ही पहिली आणि जवळपास एकमेव अट. मुलीच्या कोचची परीक्षा सोपी होती: हातमोजा घालून मूठभर बर्फ दाबायचा. घट्ट लाडू वळला आणि मोजा ओला झाला, तर मीठ काम करणार. पिठासारखा भुरभुर सांडला, तर मीठ पोत्यातच राहू दे. कोरड्या बर्फात विरघळायला पाणीच नसतं, खडे नुसते पडून राहतात आणि नंतर ऊन वाढलं की भलत्या वेळी भलतीकडे खड्डे पाडतात. ताज्या पडलेल्या हलक्या बर्फाचंही तेच. मशीनने बनवलेल्या किंवा वसंतातल्या जुन्या, दाणेदार बर्फावर सगळ्यांत छान बसतं.

पावसात मीठ टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. पाऊस मीठ धुऊन नेतो आणि स्वतःची उष्णताही देतो. दमट, ढगाळ, वारा पडलेल्या दिवशीही जोर कमी पडतो. कूलर नागपुरात चालतो आणि मुंबईत चालत नाही, तसंच हे.

प्रत्यक्षात टाकतात कसं?

शेतकरी घरातल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही. पेरणी फोकून करतात, तसंच. एका हातात बादली, दुसऱ्या हाताने मूठ भरून अर्धगोलात भिरकवायचं, म्हणजे दाणे विखरून पडतात. मोठ्या उतारावर लॉनला खत घालायचं फिरत्या चकतीचं यंत्र वापरतात.

एका सकाळी मी अगदी जवळून पाहिलं. उन्हाळ्यात टिंबरलाइनची पामर लिफ्ट, म्हणजे स्की करणाऱ्यांना वर नेणारा खुर्च्यांचा पाळणा, सकाळी लवकर सुरू होते आणि दुपारी बंद होते, कारण त्यानंतर बर्फाची रबडी होते. साडेसातच्या सुमाराला ऊन वर आलं होतं आणि माझे बूट घोट्यापर्यंत रुतत होते. कोचने आधी मुलांना आडव्या स्कीने घसरत खाली यायला लावलं, म्हणजे वरचा सैल थर खरवडला गेला. मग दोघांनी दोन्ही बाजूंनी मीठ फोकलं. पुन्हा एकदा आडव्या स्कीने ते बर्फात मिसळून घेतलं. आणि मग थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं त्या पट्ट्यात कुणी पाऊल टाकायचं नाही, हे पोरांना सांगताना कोचचा घसा बसला होता. सांधे धरत असताना कुणी त्यावरून गेलं की सगळं मोडतं.

नंतर मी काठीचं टोक टेकवलं तर टक् असा आवाज आला. बाजूच्या मीठ न टाकलेल्या बर्फात तीच काठी वीतभर आत गेली. मुलं खाली यायला लागली तेव्हा स्कीचा आवाजही बदलला होता. आधी पचपच, आता कोरडी खरखर.

किती वेळ टिकतं?

बारीक मिठाने तासाभराचं काम, जाड मिठाने काही तासांचं. हवा थंड राहिली तर जास्त. पण एक लक्षात ठेवायचं: मिठाचा जोर ओसरला की तो भाग आधीपेक्षा जास्त पचपचीत होतो, आणि पुन्हा टाकलं तरी पहिल्यासारखा परिणाम मिळत नाही. म्हणून अनुभवी माणसं मीठ शेवटपर्यंत राखून ठेवतात. शर्यत दहाला असेल तर सातला टाकून बसत नाहीत.

मीठ कोणतं? घरातलं चालेल?

रासायनिकदृष्ट्या तेच, सोडियम क्लोराइड. पण दाण्याच्या आकारावर सगळं अवलंबून आहे. डब्यातलं बारीक मीठ क्षणात विरघळतं, वरच्या वर पापुद्रा धरतं आणि संपतं. मिठागरातल्या खडे मिठासारखे जाडे दाणे हळू विरघळतात, विरघळत विरघळत खाली उतरतात आणि खोलवर पकड देतात. बऱ्याचदा दोन्ही मिसळतात: बारीक लगेचच्या पकडीसाठी, जाडं टिकण्यासाठी.

दाण्याच्या आकारावर हिवाळी ऑलिंपिक अडलं होतं, हे सांगितलं की लोक हसतात. 2014 ची सोचीची स्पर्धा. तिथल्या रोझा खुतोर या स्की केंद्राच्या उतारांवर पारा इतका चढला की हाफपाइपचा, म्हणजे कसरतींसाठी बर्फात कोरलेल्या अर्ध्या नळीसारख्या चराचा, तळ रव्यासारखा सैल झाला आणि खेळाडूंनी जाहीर तक्रारी केल्या. आयोजकांनी सल्ल्यासाठी हान्स पीरेन या स्विस माणसाला आणलं होतं. हे स्वतः जुने वर्ल्ड कप स्कीपटू, आडेलबोडेनच्या शर्यतीची वर्षानुवर्षं व्यवस्था पाहिलेले, आणि बर्फावरच्या मिठाचे जाणकार. तिथे जे मीठ होतं त्यात जाडं मीठ पुरेसं नव्हतं, आणि स्पर्धा वाचवायची तर जाडंच हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी स्वित्झर्लंडहून वीस टनांहून जास्त मीठ तातडीने विमानाने आणलं गेलं. डोंगराच्या पायथ्याच्या शहराला काळ्या समुद्राचा किनारा आहे, आणि मीठ आलं ते समुद्रच नसलेल्या देशातून!

त्याआधी 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये सायप्रेस माउंटनवर दुखणं वेगळं होतं. तिथे घट्ट करायला बर्फच पुरेसा नव्हता. ट्रकने आणि हेलिकॉप्टरने बर्फ आणून गवताच्या गाठींवर रचावा लागला.

मिठाऐवजी खत वापरतात असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. युरिया, अमोनियम नायट्रेट आणि अमोनियम क्लोराइड ही तिन्ही वापरली गेली आहेत. यातलं अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाल्याकडचा. फॅरनहाइटनेही आपल्या तापमापकाचा शून्य ठरवताना बर्फ, पाणी आणि नवसागर यांचंच मिश्रण वापरलं होतं. ही द्रव्यं नुसती पाण्यात विरघळतानाही बरीच उष्णता ओढतात, मीठ त्या मानाने अगदी थोडी. खेळाडूच्या सुजलेल्या घोट्यावर लावायची पिशवी आपटली की गार होते, तिच्यात बहुधा युरिया किंवा अमोनियम नायट्रेटच असतं.

पण शेवटी ती खतंच. वितळलेल्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतात, शेवाळ माजवतात. अमोनियम नायट्रेट स्फोटकांत वापरलं जात असल्याने त्याच्या साठ्यावर कडक निर्बंध आहेत. भारतात 2012 पासून त्यासाठी वेगळे नियमच आहेत. कॅल्शियम क्लोराइडही रस्त्यांसाठी मिळतं, पण ते विरघळताना उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे उतारासाठी उलटाच कारभार. साधं मीठ स्वस्त आहे, साठवायला सोपं आहे, आणि बादलीत हात घालणाऱ्या पोराला त्रास देत नाही, हातावर ओरखडे नसतील तर.

एवढा आटापिटा कशासाठी? मऊ बर्फात पडलं तर लागणार तरी कमी.

मलाही आधी असंच वाटायचं. शर्यत पाहिली तेव्हा कळलं. मऊ बर्फावर पहिले दहा स्पर्धक प्रत्येक वळणावर चर पाडून जातात. विसावा येईपर्यंत चर गुडघाभर होतो आणि साठाव्याला उतार म्हणून नांगरलेलं शेत मिळतं. एकाच शर्यतीत पहिल्याला एक रस्ता आणि शेवटच्याला दुसरा, ही शर्यत कसली? माझी मुलगी बहुतेक वेळा मागच्या क्रमांकात सुटायची, त्यामुळे हा मुद्दा आमच्या घरात जरा तावातावाने मांडला जातो.

शिवाय चरात स्की अडकली की शरीर पुढे जातं आणि पाय मागे राहतो. गुडघे त्यातच जातात. स्नोबोर्डच्या उड्यांसाठीही उडी घ्यायची कड प्रत्येकाला सारखी मिळायला हवी.

नवशिक्यांच्या उतारावर मात्र मीठ टाकू नये. तिथे मऊ बर्फच बरा.

वर्ल्ड कपच्या शर्यतीत तर उतारात पाणी मारतात. ते काय?

ती थंडीतली युक्ती. छिद्रांची लांब नळी उतारावर आडवी टाकून दाबाने बर्फाच्या आत पाणी सोडतात आणि रात्रीच्या गारठ्यात ते गोठून काचेसारखा कठीण थर होतो. त्यासाठी पारा शून्याच्या बराच खाली हवा. ती सोय नसते तेव्हा मीठ.

एवढं मीठ जातं कुठे? नदीत?

हो. यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. टिंबरलाइनला एका उन्हाळ्यात शेकडो टन मीठ लागतं. ज्या पामर हिमनदीवर ते पडतं तिथूनच सॅमन नदी निघते, आणि ती उगमापासून शेवटपर्यंत कायद्याने संरक्षित नदी आहे. जमीन राष्ट्रीय वनाची, म्हणजे सरकारी. त्यामुळे स्की केंद्राला ओढ्यांच्या पाण्यातलं क्लोराइड तपासत राहावं लागतं. गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अमेरिकेत दीर्घकाळाची मर्यादा लिटरला 230 मिलिग्रॅम क्लोराइड अशी धरतात. तुलनेसाठी, भारतात पिण्याच्या पाण्याला 250 ही इष्ट मर्यादा आहे.

वितळणाऱ्या बर्फाचं पाणी भरपूर असतं तोवर मीठ पातळ होत राहतं. प्रश्न येतो तो उन्हाळा संपताना, ओढे बारीक झाल्यावर. माझं मत विचाराल तर स्पर्धेच्या चार दिवसांसाठी मीठ वापरणं मला समजतं. आटत चाललेल्या हिमनदीवर दर वर्षी सुट्टीतल्या कॅम्पसाठी ते ओतणं जड जातं. आणि तरीही मी तीन वर्षं मुलीची फी भरली, हेही खरं.

गुलमर्ग किंवा औलीला याचा उपयोग होईल का?

तिथलं मूळ दुखणं वेगळं आहे. 2025 च्या फेब्रुवारीत गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावे लागले, कारण बर्फच नव्हता. 2024 च्या जानेवारीत तर तिथल्या उघड्या, तपकिरी उतारांचे फोटो सगळीकडे फिरले. नसलेल्या बर्फावर मीठ काय करणार? आणि गुलमर्गला बर्फ पडतो तेव्हा तो ऐन हिवाळ्यात कोरडा, पिठासारखा असतो. त्यासाठीच लोक परदेशातून येतात. त्यावर मिठाचा काहीच उपयोग नाही. शर्यती मार्चकडे सरकत राहिल्या आणि दुपारचं ऊन लागलं, तर मग बादली बाहेर काढायची वेळ येईल.

घरी करून पाहता येईल?

हो, आणि पाच मिनिटांत. ताटलीत फ्रीजमधला बर्फाचा खडा ठेवा. शिवणाचा दोरा पाण्यात भिजवून त्याच्यावर आडवा टाका. दोऱ्यावर चिमूटभर मीठ भुरभुरा आणि दीड-दोन मिनिटं हात लावू नका. मग दोऱ्याची दोन्ही टोकं धरून हळूच उचला. खडा दोऱ्याबरोबर वर येईल. मिठाने वरचा बर्फ वितळला, दोरा त्यात बुडाला, आणि खड्याच्या गारव्याने पाणी दोऱ्याभोवती पुन्हा गोठलं. मीठ जास्त पडलं तर नुसतं वितळतच राहील. आईने पहिल्यांदा चमचाभर टाकलं होतं.

मुलांनी तो बर्फ खाल्ला तर?

खारट लागेल. थुंकतील. बाटलीत घालून वितळवून मात्र पिऊ देऊ नका.

स्कीला काही होतं का?

होतं. स्कीच्या पोलादी कडा एका रात्रीत तांबूस होतात. घरी आल्या आल्या स्की आणि बूट तिला अडकवणारी बांधणी गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, आणि पिशवीत न घालता उभी करून वाळू द्या. बुटांवर वाळल्यावर पांढऱ्या रेषा उमटतात, उन्हाळ्यात घामाने भिजलेला शर्ट वाळल्यावर उमटतात तशा. त्या ओल्या फडक्याने निघतात. गाडीच्या डिकीत जुनी चादर अंथरा. आमच्या डिकीत स्पेअर टायरच्या खड्ड्यात गेल्या वर्षीचं मीठ अजून आहे.